विस्मरणाची भीती, एक तपासणी आणि माइंडफुलनेसचे आठ आठवडे

माझ्या आईला आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत डिमेन्शिया झाला होता. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर बोलता बोलता एखादा शब्द अडला, शेजारच्या सूनबाईंचे नाव वेळेवर ओठांवर आले नाही किंवा गॅस बंद केला की नाही हे पाहायला जिन्यातून परत वर यावे लागले, की मनात पहिला विचार आईचाच येत असे. माझे सारे आयुष्य पुण्यातल्या छापखान्यांत आणि प्रकाशनसंस्थांत मुद्रितशोधन करण्यात गेले. काना, मात्रा, वेलांटी आणि ऱ्हस्वदीर्घ यांवर नजर ठेवणे हीच जिची उपजीविका, तिला आपले लक्ष सुटते आहे ही जाणीव इतरांपेक्षा अधिकच बोचते. या भीतीपोटी मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाच्या, वर्गाला बसले आणि पुढे वर्षभराने तीच तपासणी पुन्हा करून घेतली. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की ‘ध्यान करा, स्मरणशक्ती वाढेल’ हे आश्वासन आपल्याकडे फार सहज दिले जाते. माझा अनुभव त्या आश्वासनाशी जुळत नाही. तरीही मी ध्यान सोडलेले नाही आणि सोडणारही नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला विचारले त्यापेक्षा अधिक प्रश्न माझ्या मुलाला विचारले. आई तीच गोष्ट त्याच दिवशी पुन्हा पुन्हा विचारते का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते का, बँकेचे व्यवहार आणि औषधे स्वतः सांभाळते का, स्वयंपाकाचा क्रम चुकतो का, असे ते प्रश्न होते. मला ते आधी खटकले. पण त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले. खरा आजार सुरू झालेला असतो तेव्हा बहुतेकदा तो घरच्यांना आधी दिसतो, रुग्णाला स्वतःला त्याची पुरेशी जाणीव नसते. आणि जो माणूस स्वतःहून ‘मी फार विसरतो’ अशी तक्रार घेऊन येतो त्याच्या बाबतीत चिंता, नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड, बी-12ची कमतरता आणि मंदावलेले ऐकणे हे सगळे आधी तपासून पाहावे लागते. माझ्या आईच्या वेळी आम्ही यातले काहीच तपासले नव्हते. ‘वयोमानाने होतेच’ असे तेव्हा सगळेच म्हणत असत.

मग स्मरणशक्तीची आणि लक्षाची ती तपासणी झाली. एकूण 30 गुणांची असते आणि दहा-पंधरा मिनिटांत संपते. कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची, शंभरातून सात वजा करत जायचे, सांगितलेले आकडे उलट क्रमाने म्हणायचे, अक्षरांची एक लांबलचक मालिका ऐकताना त्यातले ठरावीक अक्षर आले की तेवढ्याच वेळी टेबलावर बोट आपटायचे. सुरुवातीला पाच शब्द ऐकवलेले असतात. मधली ही सारी कामे झाल्यावर ते शब्द पुन्हा विचारतात. त्या पाचांतला एक शब्द मला काही केल्या सापडेना. तो ज्या क्रमाने आला होता ती रिकामी जागा मला अगदी स्पष्ट आठवत होती, फक्त शब्द नव्हता. डॉक्टरांनी तो कोणत्या प्रकारातला आहे हे सूचित करताच तो चटकन आला. याला गुण मिळत नाहीत, पण त्याचा अर्थ मोठा आहे, असे त्यांनी सांगितले. आठवण साठलेली असून ती बाहेर काढताना अडखळणे आणि आठवण मुळात साठलीच नसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अल्झायमरमध्ये दुसरी गोष्ट अधिक दिसते. या चाचणीत साधारणतः 26 आणि त्यावरचे गुण ठीक मानतात. मी त्या रेषेच्या वर होते.

रक्ताच्या तपासण्यांत बी-12 कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली. खरा धक्का कानांच्या तपासणीत बसला. वरच्या पट्टीतले आवाज मला बरेच कमी ऐकू येत होते आणि मराठीतले स, श, फ यांसारखे ध्वनी याच पट्टीत मोडतात. म्हणजे एखाद्या समारंभात कुणी आपले नाव सांगे तेव्हा ते नाव माझ्या कानांवर अर्धेच पडत असे, आणि जे पूर्ण ऐकलेच नाही ते नंतर आठवत नाही म्हणून मी रात्री अंथरुणात घाबरत असे. श्रवणयंत्र घेण्याचे त्याच दिवशी ठरले.

‘काकू, तुम्हाला आज डिमेन्शिया नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पुढे कधी होणारच नाही, असे मात्र मी लिहून देऊ शकत नाही.’ रक्तदाब आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, लोकांत मिसळणे आणि वर्षाने पुन्हा येणे, असा सल्ला त्यांनी दिला. त्याचबरोबर माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा एक वर्ग त्यांनी सुचवला. परंतु त्याने स्मरणशक्ती वाढेल असे आपण म्हणत नसून माझी भीती आणि त्यामुळे मोडणारी झोप यांवर त्याचा उपयोग होईल असे वाटते, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्या डॉक्टरांनी इतके मोजूनमापून शब्द वापरले त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

वर्ग कोथरूडमध्ये एका सभागृहात भरत असे. शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ताई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि आम्हा सगळ्यांना काका-काकू म्हणत. या अभ्यासक्रमाचा मूळ आराखडा जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी तयार केला. आठ आठवडे, दर आठवड्याला दोन-अडीच तासांचा एक वर्ग, रोज घरी पाऊण तासाचा सराव आणि मध्ये एक दिवस पूर्ण मौन, असे त्याचे स्वरूप आहे. आमच्यासाठी ताईंनी घरचा सराव अर्ध्या तासाचा केला होता. गुडघे सगळ्यांचेच दुखत असल्यामुळे मांडी घालण्याचा आग्रह नव्हता. पाठीला टेकू न घेता खुर्चीवर बसावे आणि दोन्ही तळवे जमिनीला लागलेले असावेत, एवढेच सांगितले होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आडवे पडून केलेल्या सरावानंतर एकदम उठू नये, आधी कुशीवर वळावे, मग बसावे, मग उभे राहावे, हे त्या दर वेळी न कंटाळता सांगत. ज्येष्ठांच्या वर्गात अशा सूचना ध्यानाच्या सूचनांइतक्याच महत्त्वाच्या असतात.

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला गेला. तो आयुष्यात प्रथमच पाहतो आहोत असे समजून पाहायचा होता. पहिले अर्धे मिनिट माझ्या डोक्यात फक्त ‘बेदाणा’ हा शब्द होता. शिऱ्यात, पुलावात, नैवेद्याच्या वाटीत पाहिलेले सारे बेदाणे त्या एकात मिसळून गेले होते आणि समोरचा मात्र दिसत नव्हता. मग हळूहळू तो दिसू लागला. त्याच्या एका टोकाला देठ तुटल्याची बारीक तपकिरी खूण होती, तिच्यापासून निघालेल्या सुरकुत्या दुसऱ्या टोकाकडे जाताना मध्येच दुभंगत होत्या, आणि खिडकीकडे धरल्यावर कडांना मधासारखा उजेड येत होता, मधला भाग मात्र गडदच राहत होता. बोटांनी कानाजवळ दाबल्यावर त्याला अगदी क्षीण असा चिकट आवाज होता. तो मला नव्या श्रवणयंत्रामुळेच ऐकू आला असणार. जिभेवर ठेवला तरी चावेपर्यंत त्याला चव जवळजवळ नव्हतीच.

मुद्रितशोधनात नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवावी लागते. सराईत डोळा शब्दाचा आकार पाहतो, पुढचा अर्थ ओळखतो आणि अक्षर न पाहताच पुढे सरकतो. म्हणून ‘विद्यार्थी’मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडली तरी चांगला शिकलेला माणूसही ती चूक ओलांडून जातो. मजकूर जितका रंजक तितक्या चुका अधिक निसटतात, कारण मन गोष्टीबरोबर वाहत जाते. तेव्हा अर्थातून बाहेर पडून पुन्हा अक्षरावर यायचे, पुन्हा वाहून जायचे, पुन्हा परत यायचे, हेच आमचे काम. ध्यानाच्या वर्गात ताई ज्याला ‘परत येणे’ म्हणत ते मला म्हणूनच अनोळखी वाटले नाही. निराळे होते ते इतकेच, की इथे परत येण्यासाठी कागद नव्हता, श्वास होता.

श्वासाचा सराव आमच्या वर्गात सर्वांत कठीण गेला तो वर्षानुवर्षे प्राणायाम केलेल्यांना. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, रोखायचा नाही. तो जसा आहे तसा नाकपुड्यांशी किंवा पोटाशी जाणवू द्यायचा. एक काका म्हणाले, की मी नुसते पाहायला लागलो की श्वास आपोआप शिस्तीत येतो. त्यावर ताई म्हणाल्या, ‘मग काका, तो शिस्तीत येतो आहे, हेच पाहा.’ आडवे पडून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा जो सराव असतो, त्यात अनेकांना शवासन आठवले आणि अनेकांना झोप लागली. शवासनात शिथिल होणे हा हेतू असतो. इथे गुडघा दुखत असेल तर तो नेमका कुठे, कसा आणि किती वेळ दुखतो हे जाणणे हा हेतू होता.

ही पद्धत अमेरिकेतून आपल्याकडे आली असली तरी तिचे मूळ इथलेच आहे. पाली वाङ्मयातल्या सतिपट्ठान आणि आनापानसति या सुत्तांमध्ये श्वासाकडे आणि शरीराकडे असेच पाहायला सांगितले आहे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचे केंद्र उभे राहिले, हे महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. माझ्या वहिनी तिथे दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या आहेत. पहाटे चारची घंटा, दहा दिवसांचे मौन आणि दिवसाकाठी अनेक तासांची बैठक हे त्यांना साधले. माझ्या प्रकृतीला ते झेपले नसते. आठवड्यातून एकदा भेटून घरी रोज थोडा सराव करण्याचा मार्ग वृद्धांना अधिक सोयीचा आहे, असे माझे मत आहे.

चौथ्या आठवड्यात मला त्रास झाला. डोळे मिटून बसले की आईचा चेहरा येई. मला ‘आपण कोण?’ असे विचारतानाचा चेहरा. पूर्वी हा विचार आला की मी उठून भांडी आवरायला लागत असे, आता मात्र त्याच्यासमोर बसून राहायचे होते, आणि एकदा तर छातीत इतके धडधडले की मी मध्येच थांबले. ताईंनी मला नेटाने बसून राहायला सांगितले नाही. डोळे उघडा, तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या वस्तू पाहा, हवे तर चालत करा, असे त्यांनी सांगितले, आणि त्या आठवड्यात मी बसण्याऐवजी गच्चीत सावकाश चालण्याचाच सराव केला. ध्यानाने काही जणांची अस्वस्थता काही काळ वाढते आणि पूर्वी तीव्र नैराश्य किंवा मोठा मानसिक आघात होऊन गेलेल्यांनी ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, ही गोष्ट पुरेशा मोकळेपणाने सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे.

हळूहळू तो चेहरा आला तरी मी बसू शकू लागले. ‘ही आठवण आहे, ही भीती आहे, आणि आत्ता मी खुर्चीवर बसले आहे’ एवढे तिथल्या तिथे कळू लागले. शब्द अडला तरी त्याच्यामागून आईच्या आजाराची सबंध कहाणी उलगडत जाणे थांबले, आणि गंमत अशी की घबराट नसली की अडलेला शब्दही बहुधा थोड्या वेळाने येतो.

रोजच्या व्यवहारात सर्वांत स्पष्ट फरक रक्तदाबाच्या गोळीपाशी पडला. गोळी घेतली की नाही, हा माझा नित्याचा प्रश्न होता. आता मी ती तळहातावर घेते, तिचा रंग आणि मधली रेघ पाहते, पाण्याचा घोट घशाखाली उतरताना जाणवू देते आणि मगच डबीचे झाकण लावते. यात स्मरणशक्ती वाढण्याचा प्रश्नच नाही. पूर्वी गोळी तोंडात जाई तेव्हा मन दूधवाल्याच्या हिशेबात असे; ज्या क्षणाकडे लक्षच नव्हते त्याची नोंद मेंदूत होणार कुठून? सात कप्प्यांची डबीही मी वापरतेच. लक्ष सुधारले म्हणून अशी साधने टाकून द्यावीत, असे मला वाटत नाही.

वर्ग संपल्यानंतर मुलाच्या मदतीने या विषयावरचे संशोधन मी वाचायला घेतले. 2005 साली बोस्टनमध्ये सारा लाझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, काही भाग अधिक जाड आढळले, आणि ध्यानाने मेंदू तरुण राहतो या बोलण्याला तिथून जोर आला. परंतु तो एकाच वेळी घेतलेला आढावा होता. ध्यानामुळे मेंदू तसा झाला, की तसा मेंदू असलेले लोक ध्यानाकडे वळले, हे त्यातून ठरत नाही. 2022 साली अमेरिकेतल्या सेंट लुई आणि सॅन दिएगो इथल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 65 ते 84 वयाच्या, डिमेन्शिया नसलेल्या पण आपण विसरतो अशी तक्रार करणाऱ्या, म्हणजे नेमक्या माझ्यासारख्या, 585 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत विभागले होते: माइंडफुलनेस, व्यायाम, दोन्ही, आणि नुसते आरोग्यशिक्षण. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा आणि दीड वर्षाने पाहिले तेव्हाही स्मृतीत किंवा नियोजनाच्या क्षमतेत या गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या काँ शहरातला, गाएल शेतला यांच्या नेतृत्वाखालचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे 65 वर्षांवरील लोकांनी दीड वर्ष ध्यान केले, दुसऱ्या गटाने तेवढाच काळ इंग्रजी शिकले. मेंदूच्या ज्या भागांत बदल अपेक्षित होता त्यांच्या आकारमानात तो दिसला नाही. मात्र लक्षाचे नियमन, भावनांची हाताळणी आणि स्वतःविषयीची समज यांच्या एकत्रित मोजमापात ध्यानाचा गट भाषा शिकणाऱ्यांच्या पुढे होता.

हे वाचून मी निराश झाले नाही. माझ्यात जे घडले होते ते या निष्कर्षांशी जुळत होते. वर्षाने झालेल्या तपासणीत मला एक गुण अधिक मिळाला, तेव्हा मुलगा आनंदला. पण तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना सवयीनेही एखादा गुण वाढतो, तेव्हा ‘आहे तसे आहे’ एवढेच म्हणावे, असे डॉक्टरांनी सांगितले. चिंतेच्या प्रश्नावलीत मात्र फरक मोठा होता आणि झोप सुधारली होती. भीती कमी झाल्यामुळे मी पुन्हा वाचनालयाच्या समितीवर जाऊ लागले, अनोळखी माणसांशी बोलू लागले, ‘आपले नाव पुन्हा सांगता का?’ असे न लाजता विचारू लागले. माझ्या मते ध्यानाचा मेंदूच्या आरोग्याशी खरा संबंध असलाच तर तो इथे आहे: घाबरून घरात मिटून बसलेला माणूस बाहेर पडतो, चालतो, औषधे वेळेवर घेतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या आयोगाने डिमेन्शियाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे 14 धोके सांगितले आहेत आणि ते सगळे दूर झाले तर जवळजवळ 45 टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला आहे. मंदावलेले ऐकणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, एकटेपणा, हवेचे प्रदूषण, दुर्लक्षित राहिलेली दृष्टी हे त्यांत आहेत. त्या यादीत लहानपणीचे अपुरे शिक्षणही आहे. माझ्या आईची शाळा चौथीत सुटली, तिला उतारवयात ऐकू कमी येत असे आणि तिचा रक्तदाब अनेक वर्षे कुणी मोजला नव्हता. तिचा आजार यांमुळेच झाला असे कुणी सांगू शकणार नाही, पण ती यादी वाचताना मला तिची फार आठवण आली. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसे डिमेन्शियासह जगत आहेत, आणि त्यांतल्या किती जणांचे कान कुणी तपासले असतील?

म्हणून कुणी मला या वर्गाविषयी विचारले तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. बी-12, थायरॉइड, रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासून झाल्याशिवाय विस्मरणावर ध्यान हा उपाय म्हणून घेऊ नये. आणि तीच गोष्ट पुन्हा विचारणे, ओळखीचा रस्ता चुकणे, व्यवहार न जमणे अशी लक्षणे असतील तर ध्यानाच्या नादात तपासणी लांबवणे धोक्याचे आहे. वर्ग निवडताना शिकवणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण कुठे झाले, खुर्चीवर बसू देतात का, त्रास झाल्यास मधल्या दिवसांत त्यांना फोन करता येतो का, हे विचारून घ्यावे. डिमेन्शिया बरा करण्याची किंवा टाळण्याची हमी कुणी देत असेल तर तिथे जाऊ नये. आणि ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ते लावूनच बसावे. काही जण शांततेसाठी ते काढून ठेवतात, पण सूचना अर्धवट ऐकू आली की मन श्वास सोडून त्या सूचनेचा अंदाज बांधण्यातच गुंतून राहते.